वेबहुकचं सबस्क्रिप्शन कोडमधून: गिटहबवर सराव, मग गिऱ्हाइकाच्या दुकानात

सोलापुरात सॉफ्टवेअरची छोटी-मोठी कामं घेणाऱ्यांकडे हल्ली एक मागणी हमखास येते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला म्हणतो, "वेबसाइटवर ऑर्डर पडली की पॅकिंगवाल्या पोराला लगेच कळलं पाहिजे." चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याला पैसे जमा झाल्याझाल्या मेसेज हवा असतो. नुकतंच इंजिनिअरिंग संपवलेलं कुणी यावर पहिला तोडगा काढतं तो ठरलेला: दर मिनिटाला वेबसाइटच्या एपीआयला (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या दाराला) विचारायचं, काही नवीन आहे का? म्हणजे दिवसाला १,४४० वेळा विचारणा, आणि त्यातल्या बहुतेकींचं उत्तर 'नाही'. शिवाय विचारण्यालाही मर्यादा असते. कोड ठेवायची सेवा असलेल्या गिटहबचा एपीआय टोकनशिवाय, म्हणजे ओळख न दाखवता वापरला तर तासाला ६० विनंत्यांवर अडवतो.

वेबहुकमध्ये काम उलट्या दिशेने चालतं. काही घडलं की समोरची सेवाच आपल्या पत्त्यावर एचटीटीपी विनंती पाठवते. तिने ती पाठवावी म्हणून तिच्याकडे आधी नोंद करून ठेवायची, तिलाच सबस्क्रिप्शन म्हणतात. ही नोंद डॅशबोर्डवर बटण दाबूनही होते, आणि एकाच दुकानाचं काम असेल तर खुशाल बटण दाबा. उगाच कोड लिहू नका. पण दहा गिऱ्हाइकं, प्रत्येकाचं टेस्टिंग वेगळं आणि लाइव्ह वेगळं, असा पसारा झाला की कुठे कुठला पत्ता टाकलाय हे कुणालाच आठवत नाही. तेव्हा कोड लागतो.

सरावासाठी मी गिटहब सुचवतो. खातं फुकट आहे, डॉक्युमेंटेशन नीट आहे, आणि खऱ्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरींशी खेळ होत नाही. स्वतःची एक रिकामी रेपॉझिटरी (एका प्रकल्पाच्या कोडची जागा) काढा आणि तिच्यावर इश्यू (तक्रारीची किंवा कामाची नोंद) उघडला की तुमच्या प्रोग्रॅमला कळावं, एवढंच ध्येय ठेवा. या लेखात फील्ड आणि हेडरची नावं देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती डॉक्युमेंटेशनमधून जशीच्या तशी कॉपी करा, आठवणीने टाइप करू नका.

आधी घेणारा प्रोग्रॅम

नवीन माणूस थेट सबस्क्रिप्शनच्या विनंतीपासून सुरुवात करतो, कारण लेखाचं नावच ते असतं. पण ती विनंती अर्ध्या पानाची आहे. खरं काम समोरून येणारा निरोप नीट घेण्याचं आहे, आणि घेणारा तयार नसताना नोंद केली तर पहिलाच निरोप वाया जातो. म्हणून क्रम उलटा धरा.

वेब सर्व्हर लिहायला पायथॉन येत असेल तर फ्लास्क ही लायब्ररी घ्या, जावास्क्रिप्ट येत असेल तर एक्सप्रेस. एकच रूट (प्रोग्रॅममधला एक पत्ता) करा, फक्त पोस्ट, म्हणजे डेटा पाठवणारी विनंती स्वीकारणारा. सुरुवातीला त्याने तीनच गोष्टी करायच्या: आलेले हेडर (विनंतीसोबतची माहिती) छापायचे, बॉडी (मुख्य मजकूर) छापायची आणि २००, म्हणजे 'मिळालं' हा स्टेटस कोड परत द्यायचा. डेटाबेस, व्हॉट्सअॅप, ईमेल यातलं काहीही आत्ता जोडू नका. निरोप आला की नाही एवढंच आधी डोळ्यांनी बघायचंय.

हा प्रोग्रॅम लॅपटॉपवर पाच हजार नंबरच्या पोर्टवर चालतोय, पण गिटहबच्या सर्व्हरला तुमचा लॅपटॉप दिसत नाही. लोकलहोस्ट हा पत्ता दिलात तर गिटहब तो नाकारतो. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी दिलात तरी बहुधा उपयोग नसतो, कारण बरेच इंटरनेटवाले एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटतात. यासाठी टनेल लागतो. एनग्रॉक किंवा क्लाउडफ्लेअर टनेल लॅपटॉपवर चालवलं की इंटरनेटवरून पोहोचता येईल असा एचटीटीपीएस पत्ता मिळतो, आणि त्यावर आलेली विनंती तुमच्या पोर्टवर येऊन पडते. मिळालेला पत्ता आधी मोबाइल डेटावरून उघडून बघा. रूट फक्त पोस्ट घेतो म्हणून ब्राउझरमध्ये फ्लास्क ४०५ दाखवेल, एक्सप्रेस ४०४ आणि 'कॅनॉट गेट' असा मजकूर. ते दिसणं चांगलं. विनंती प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतेय असा त्याचा अर्थ.

टनेल सरावापुरताच. लॅपटॉप मिटून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की टनेलही मिटला. गिऱ्हाइकाचं खरं काम कुठल्याही क्लाउड सर्व्हरवर ठेवा. दुकानातल्या काउंटरच्या पीसीवर तर अजिबात ठेवू नका. तिथे वीज जाते, आणि संध्याकाळी दुकान बंद करताना कुणीतरी मेन स्विच पाडतंच.

टोकन आणि सीक्रेट

या दोघांत सगळ्यात जास्त गल्लत होते. टोकन म्हणजे गिटहबच्या दारात तुम्ही दाखवायचं ओळखपत्र. सीक्रेट म्हणजे तुमच्या दारात येताना गिटहबने दाखवायची खूण. पहिलं गिटहब देतो, दुसरं तुम्ही ठरवता. पहिलं नोंद करताना, बदलताना, काढताना, म्हणजे तुम्ही गिटहबच्या एपीआयकडे जाताना लागतं. दुसरं प्रत्येक निरोपाच्या वेळी.

टोकन काढताना फाइन-ग्रेन्ड प्रकार निवडा, सरावाची एकच रेपॉझिटरी द्या आणि परवानग्यांमध्ये फक्त 'वेबहुक्स' ला वाचणं-लिहिणं द्या. सगळ्या परवानग्या एकदम देऊन टाकायचा मोह होतो, कारण मग अडत नाही. पण असं टोकन चुकून कुठे उघडं पडलं तर तुमचं सगळं खातंच उघडं पडतं. टोकनला मुदतही घाला.

सीक्रेट म्हणून दुकानाचं नाव आणि पुढे १२३ असलं काही ठेवू नका. पायथॉनमध्ये सीक्रेट्स नावाचं मॉड्यूल आहे. त्याच्या टोकन-हेक्स फंक्शनला ३२ द्या, ६४ अक्षरांची रँडम मालिका मिळेल. टोकन आणि सीक्रेट दोन्ही एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि ज्या फाइलमध्ये ती लिहिली आहेत ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका. हे कमिट करण्याआधी, म्हणजे बदल गिटच्या इतिहासात नोंदवण्याआधी करायचं. नंतर फाइल काढली तरी इतिहासात ती राहतेच.

आता ती विनंती

एपीआयचा पत्ता असा बनतो: मूळ पत्ता, पुढे 'रेपोज', मग मालकाचं नाव, मग रेपॉझिटरीचं नाव आणि शेवटी 'हुक्स'. याच पत्त्यावर गेट (वाचायची विनंती) केलं तर असलेल्या हुकची, म्हणजे सबस्क्रिप्शनच्या नोंदींची यादी मिळते, पोस्ट केलं तर नवा हुक बनतो. पहिल्यांदा गेटच करा. रिकामी यादी आली तर टोकन चालतंय हेही कळतं आणि आधीचं काही पडलेलं नाही हेही.

ऑथरायझेशन हेडरमध्ये 'बेअरर', एक स्पेस आणि टोकन. अॅक्सेप्ट हेडरमध्ये गिटहबने सांगितलेला जेसनचा (डेटा मजकुरात लिहायच्या पद्धतीचा) प्रकार. आणि एपीआय-व्हर्जनचा हेडर, ज्यात तारखेच्या रूपातली आवृत्ती जाते, उदाहरणार्थ २०२२-११-२८. व्हर्जन दिली नाही तरी विनंती चालते, पण उद्या डीफॉल्ट बदलला तर तुमचा कोड का बिघडला हे शोधत बसाल.

बॉडीत 'नेम' चं मूल्य 'वेब' हेच द्यायचं. इथे हुकला आपल्या आवडीचं नाव ठेवता येत नाही, फील्डचं नाव फसवं आहे. 'अॅक्टिव्ह' ट्रू. 'इव्हेंट्स' मध्ये यादी. आपल्याला 'इश्यूज' हवं. ही यादी दिलीच नाही तर गिटहब 'पुश' धरतो, आणि मग इश्यू उघडून उघडून कंटाळलात तरी काही येत नाही. 'कॉन्फिग' मध्ये चार गोष्टी: तुमचा पत्ता, कंटेंट-टाइप, सीक्रेट आणि इनसिक्युअर-एसएसएल. कंटेंट-टाइप आठवणीने 'जेसन' लिहा, डीफॉल्ट 'फॉर्म' आहे. इनसिक्युअर-एसएसएल शून्यच ठेवा; सर्टिफिकेटची कटकट टाळण्यासाठी एक करा असं कुणी सुचवलं तर सर्टिफिकेट दुरुस्त करा.

पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला ही डिक्शनरी जेसन या पॅरामीटरमधून द्या, म्हणजे हेडर आणि एन्कोडिंग ती सांभाळते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर कर्ल या विनंती पाठवणाऱ्या कमांडने तीच बॉडी पाठवायला गेलात तर अवतरणचिन्हांशी भांडण्यात अर्धी दुपार जाईल.

२०१ आलं की हुक बनला. उत्तरातला आयडी जपून ठेवा. बदलायला आणि काढायला तोच लागतो. उत्तरात सीक्रेटच्या जागी नुसत्या तारका दिसतील. गिटहब सीक्रेट पुन्हा कधीच दाखवत नाही, त्यामुळे त्याची प्रत तुमच्याकडेच हवी.

२०१ ऐवजी दुसरं काही आलं तर? ४०१ म्हणजे टोकनच चुकलंय किंवा मुदत संपलीय. ४०४ फसवतो: रेपॉझिटरी समोर दिसत असते आणि एपीआय म्हणतो सापडली नाही. खासगी गोष्टींचं अस्तित्वही कळू नये म्हणून परवानगी नसलेल्यालाही गिटहब बहुतेकदा ४०४ च देतो. तेव्हा आधी स्पेलिंग बघा, मग टोकनच्या परवानग्या. ४२२ म्हणजे बॉडीत काहीतरी खटकलं. पत्ता पोहोचता येण्यासारखा नाही, किंवा त्याच पत्त्याचा आणि त्याच इव्हेंटचा हुक आधीच आहे. उत्तराच्या बॉडीत कारण लिहिलेलं असतं. ते वाचा. स्टेटस कोड पाहून ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच सुटला असता.

हुक बनताच गिटहब 'पिंग' नावाचा एक निरोप पाठवतो. घेणारा प्रोग्रॅम आधी चालू ठेवला असेल तर तो टर्मिनलमध्ये दिसेल. गिटहब-इव्हेंट या हेडरमध्ये इव्हेंटचं नाव असतं. पिंग असेल तर २०० देऊन थांबा. पिंगच्या बॉडीत इश्यू नसतो, आणि तो असणारच असं धरून लिहिलेला कोड इथेच पडतो.

सही तपासणं, आणि मराठी अक्षरांची गंमत

तुमचा पत्ता आता इंटरनेटवर आहे. तो कळलेला कुणीही त्यावर खोटी ऑर्डर पाठवू शकतो. म्हणून सही. गिटहब बॉडीचे बाइट आणि सीक्रेट यांतून एचमॅक एसएचए-२५६ (सीक्रेट माहीत असल्याशिवाय काढता न येणारी खूण) काढतो आणि हब-सिग्नेचर-२५६ या हेडरमध्ये पाठवतो. सुरुवातीला 'एसएचए२५६' आणि बरोबरचं चिन्ह, पुढे ६४ हेक्स अक्षरं. तुम्ही तुमच्या बाजूने तेच गणित करायचं आणि दोन्ही जुळतात का बघायचं. तुलना साध्या दुहेरी बरोबरने करू नका. पायथॉनच्या एचमॅक मॉड्यूलमध्ये कंपेअर-डायजेस्ट आहे, नोडच्या क्रिप्टोमध्ये टायमिंग-सेफ-इक्वल आहे. साधी तुलना पहिल्या चुकीच्या अक्षराला थांबते, आणि लागलेल्या वेळेवरून अंदाज बांधता येतो.

महत्त्वाचा शब्द 'बाइट' हा आहे. बॉडी जशी आली तशी, एकही बाइट न हलवता गणितात गेली पाहिजे. बरेच जण बॉडी आधी जेसन म्हणून उघडतात आणि सहीसाठी पुन्हा जेसनची स्ट्रिंग बनवतात. पायथॉनचं जेसन-डम्प्स स्वल्पविरामानंतर स्पेस टाकतं आणि इंग्रजीबाहेरच्या प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहितं. सही कशी जुळणार?

जावास्क्रिप्टमधला प्रकार अधिक लबाड आहे. बॉडी तुकड्यातुकड्याने येते, आणि कुणीतरी प्रत्येक तुकडा स्ट्रिंग करून पुढच्याला जोडत जातं. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ मध्ये एका बाइटचं, त्यामुळे कुठेही तुटलं तरी फरक पडत नाही. देवनागरी, तेलुगू, कन्नड या तिन्ही लिप्यांतलं अक्षर तीन बाइटचं. तुकडा बरोबर अक्षराच्या मधोमध पडला की ते अक्षर खराब होतं आणि सही हुकते. तेही लांब निरोपातच आणि कधीमधीच. पुण्या-मुंबईच्या टीमने इंग्रजी नावांवर टेस्ट केलेला कोड वर्षभर बिनतक्रार चालतो. आपल्याकडे पूर्व भागातल्या गिऱ्हाइकाने पत्ता तेलुगूत लिहिला, अक्कलकोटच्या माणसाने कन्नडमध्ये, इश्यूचं शीर्षक कुणी 'चादरीचा रंग उतरतो' असं टाकलं, की तो उघडा पडतो. सोलापुरात टेस्ट डेटा तिन्ही भाषांत ठेवणं हा हौसेचा मामला नाही.

उपाय सोपा आहे. फ्लास्कमध्ये रिक्वेस्टच्या गेट-डेटातून कच्चे बाइट घ्या, एक्सप्रेसमध्ये या एका रूटपुरता रॉ पार्सर लावा. एक्सप्रेसमध्ये सगळ्या अॅपला आधीच जेसन पार्सर लावलेला असतो, त्याच्याआधी हा रूट यायला हवा. सही जुळली तरच जेसन उघडायचं. नाही जुळली तर ४०१ देऊन सोडून द्यायचं.

लवकर उत्तर द्या

गिटहब १० सेकंद थांबतो. तेवढ्यात २०० च्या घरातलं उत्तर आलं नाही तर निरोप अयशस्वी धरतो. त्यामुळे रूटच्या आत व्हॉट्सअॅप पाठवणं, बिलाची पीडीएफ बनवणं असली कामं नकोत. सही तपासा, निरोप एका टेबलात लिहा, २०० द्या, आणि दुसरा प्रोग्रॅम सावकाश टेबल वाचून काम करू दे. सुरुवातीला रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) वगैरे लागत नाही. एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसचं एक टेबल भरपूर झालं.

त्या टेबलात गिटहब-डिलिव्हरी या हेडरमधला आयडी युनिक ठेवा. तोच निरोप पुन्हा पाठवला तर आयडी तोच राहतो, त्यामुळे एकाच ऑर्डरचे दोन पार्सल बांधले जात नाहीत. निरोप घडलेल्या क्रमानेच येतील असंही धरू नका. आणि त्यांतल्या वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असतात: रात्री साडेबाराची ऑर्डर कच्च्या वेळेत आदल्या दिवशी संध्याकाळी सातची दिसते. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रोजचा हिशेब जुळत नाही अशी तक्रार आली तर आधी हे साडेपाच तास तपासा.

चुकलेला निरोप गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही, हे नवख्यांना माहीत नसतं. हुकच्या पत्त्याखाली 'डिलिव्हरीज' ची यादी मिळते, आणि गेल्या ३ दिवसांतला निरोप एपीआयने पुन्हा मागवता येतो. रोज एकदा ही यादी पाहून फसलेले निरोप परत मागवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. सबस्क्रिप्शन बनवणाऱ्या कोडपेक्षा तीच जास्त वेळा कामाला येते.

बदलताना

टनेलचा पत्ता बदलला की लोक नवा हुक बनवतात आणि जुना तसाच राहतो. एका रेपॉझिटरीत एका इव्हेंटसाठी २० हुकपर्यंतच मुभा आहे, आणि सरावात ती लवकर भरते. म्हणून स्क्रिप्टची रचनाच अशी ठेवा: यादी आणा, आपला हुक शोधा, नसेल तर पोस्ट, असेल आणि पत्ता वेगळा असेल तर पॅच (असलेली नोंद बदलायची विनंती). कितीही वेळा चालवली तरी शेवटी एकच हुक उरला पाहिजे.

पॅच करताना एक खड्डा आहे. हुकच्या मुख्य पत्त्यावर पॅच करून कॉन्फिगमध्ये फक्त नवा पत्ता पाठवला आणि सीक्रेट पाठवलं नाही, तर सीक्रेट निघून जातं. एरर येत नाही. पुढचे निरोप सहीविना येतात आणि तुमचा प्रोग्रॅम ते नाकारत बसतो. नुसता पत्ता बदलायचा असेल तर हुकच्या आयडीपुढे 'कॉन्फिग' लावलेला वेगळा पत्ता आहे, तिथे पॅच करा. किंवा सीक्रेट दर वेळी सोबत पाठवा.

दुसऱ्या सेवांकडे जाताना

शॉपिफायवर दुकान असेल तर सबस्क्रिप्शन ग्राफक्यूएल या एपीआयच्या भाषेतल्या म्युटेशनने (डेटा बदलणाऱ्या विनंतीने) बनतं आणि इव्हेंटला 'टॉपिक' म्हणतात. तिथे सही हेक्स नसून बेस-६४ मध्ये (तेच बाइट लिहायच्या दुसऱ्या पद्धतीत) येते, गिटहबचा कोड जसाच्या तसा नेला तर कधीच जुळणार नाही. थांबायची मुदत ५ सेकंद. शॉपिफाय आपणहून पुन्हा प्रयत्न करतो, ४ तासांत ८ वेळा, आणि सगळेच फसले तर एपीआयने बनवलेलं सबस्क्रिप्शनच काढून टाकतो. टॉवेलवाल्याचा फोन येतो, "दोन दिवसांपासून मेसेज बंद आहेत," तेव्हा पहिला संशय हाच घ्या. यादी-आणा-नसेल-तर-बनवा स्क्रिप्ट क्रॉनला (ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीला) लावलेली असेल तर हा फोन येत नाही.

आउटलुकसारख्या मायक्रोसॉफ्टच्या सेवांचा एपीआय असलेल्या मायक्रोसॉफ्ट ग्राफचा स्वभाव आणखी वेगळा. तो नोंद करतानाच तुमच्या पत्त्यावर एक व्हॅलिडेशन टोकन पाठवतो आणि ते १० सेकंदांत साध्या मजकुराच्या रूपात परत मागतो. घेणारा चालू नसेल तर सबस्क्रिप्शन बनतच नाही. शिवाय प्रत्येक सबस्क्रिप्शनला मुदत असते आणि ती संपण्याआधी वाढवावी लागते.

सराव झाला की आवरताना क्रम पाळा. आधी हुकच्या आयडीवर डिलीट. २०४ आलं की गेला. मग घेणारा प्रोग्रॅम आणि टनेल बंद. टोकन सगळ्यात शेवटी रद्द करा, कारण ते आधी गेलं तर हुक काढायला नवं टोकन बनवत बसावं लागतं.